सलीम अली आणि पिसांतले पाहुणे

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला विषाणू सापडला, पण तो रशियातल्या गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराचा भाऊबंद निघाला. इतक्या दूरचे दुखणे इथे आणले कोणी? संशय थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर गेला.

तपासासाठी जागतिक आरोग्य संघटनेला माणूस मिळाला तो मुंबईत. १८९६ मध्ये जन्मलेले, लहानपणीच पोरके होऊन मामाकडे वाढलेले सलीम अली तेव्हा साठी ओलांडून गेले होते. दहाव्या वर्षी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली चिमणी ओळखून घ्यायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पुढचे आयुष्य पक्ष्यांतच गेले. जर्मनीत शिकून परतल्यावर नोकरी नव्हती, म्हणून अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तिथेच सुगरणीचा संसार त्यांनी उलगडला.

पक्ष्याच्या पायात कडी घालून त्याचा माग काढण्याची रीतही ते जर्मनीतच शिकले होते. आता सोसायटीच्या माणसांनी भरतपूरसारख्या ठिकाणी हजारो पक्षी जाळ्यात धरले, कड्या घातल्या, अंगावरच्या गोचिडी तपासल्या.

पक्षी हातात घेतला की पिसांतून एक चपटी माशीही सुळकन निघते. खेकड्यासारखी तिरकी पळते, चिमटीत चिरडत नाही. रक्त पिऊन जगते, अंडी न घालता पोटातच अळी वाढवते. कबुतरांत हिवतापासारखा रक्तातला परजीवी हीच पसरवते. माणसाला त्याची बाधा होत नाही, त्यामुळे घरच्या कबुतरांवर ती दिसली तरी हिवतापाची भीती नको.

पुढे या कामात अमेरिकी लष्कराचा पैसा आल्याने जंतुयुद्धाची शंका घेतली गेली. सलीम अलींना ते फार लागले. पक्ष्यांवरचा आळ मात्र सिद्ध झाला नाही. रोग पसरवणारी गोचीड तिथल्याच जंगलातली निघाली. कड्यांमुळे पक्ष्यांच्या वाटा तेवढ्या कळल्या, आणि हा लाभ लहान नव्हता.

१९८७ मध्ये सलीम अली गेले. तोच रोग ‘माकडताप’ म्हणून आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात पोहोचला आहे. त्या बाजूला काजूच्या बागेत किंवा जंगलात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर गोचिडी पाहाव्यात. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.