दाखला एका लशीचा

लांबच्या भटकंतीपूर्वी बऱ्याच लशी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरतात. पीतज्वराची लस मात्र वेगळी. तिच्या दाखल्याशिवाय आफ्रिकेतील अनेक देश प्रवेशच देत नाहीत. ही लस मॅक्स थायलर यांची देणगी. १८९९ मध्ये प्रिटोरियात जन्मलेल्या थायलर यांना १९२९ मध्ये प्रयोगशाळेतच पीतज्वर झाला. या रोगाने काही संशोधकांचे प्राण घेतले होते, थायलर बचावले. पुढे न्यूयॉर्कमध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत विषाणू पुन्हा पुन्हा वाढवून त्यांनी तो सौम्य केला आणि १९३७ मध्ये ‘१७डी’ लस सिद्ध केली. १९५१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. आजही हीच लस दिली जाते. दाखला १० दिवसांनंतरच ग्राह्य ठरतो, म्हणून तिकिटाबरोबरच लशीचाही दिवस ठरवा.