धनंजयराव गाडगीळ : सामाईक साधने आणि त्यांचे नियम

३.१ प्रास्ताविक

चरित्रलेख म्हणजे केवळ घटनांची जंत्री नव्हे. त्या घटनांना जोडणारे सूत्र त्यात शोधावे लागते. प्रस्तुत घटकातील सूत्र देवरी परिसरातील विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. मामा तलावाचे पाणी आधी कोणाच्या धानाला मिळावे, तेंदूपाने कोणी व केव्हा तोडावीत, सहकारी संस्थेच्या खरेदी केंद्रावर कोणाच्या धानाचा काटा आधी व्हावा, हे प्रश्न येथे दरवर्षी उभे राहतात. साधन अनेकांचे असेल, तर त्याच्या वापराचा नियम कोणी ठरवावा, हा या प्रश्नांचा गाभा होय. अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले.

३.२ जडणघडण

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी झाला. शालेय शिक्षण नागपूरच्या पटवर्धन विद्यालयात आणि उच्च शिक्षण केंब्रिज येथे झाले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळल्यानंतर १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून ही संस्था उभी राहिली होती. पुस्तकी सिद्धान्तापेक्षा प्रत्यक्ष पाहणीवर त्यांचा भर असे. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची त्यांनी केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याचा लाभ केवळ पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यापुरता मोजून भागत नाही, तो इतरांपर्यंत कसा पसरतो हेही पाहावे लागते, ही त्यामागील दृष्टी होती.

३.३ प्रवरेचा प्रयोग

याच प्रवरा खोऱ्यात त्यांच्या विचाराची कसोटी लागली. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकत होता. परंतु साखर कारखानदारी खासगी कंपन्यांच्या हाती होती. लोणी परिसरातील शेतकऱ्यांना संघटित करण्याचे कष्टाचे काम विठ्ठलराव विखे पाटील यांनी केले. मुंबई राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ लाभले आणि अध्यक्षपदाची धुरा गाडगीळांनी स्वीकारली. दररोज ५०० टन ऊस गाळण्याच्या क्षमतेचा हा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला.

या संस्थेचे वेगळेपण तिच्या यंत्रांत नव्हते, नियमांत होते. कंपनीत ज्याचे भाग अधिक, त्याची मते अधिक. येथे मात्र भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. सभासदाने ठरलेला ऊस आपल्याच कारखान्याला द्यावयाचा, हे बंधनही होते. हक्क व बंधन यांचा हा जोड सुटला, तर सामाईक संस्था टिकत नाही. मात्र या नियमाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ज्याच्या शेताला पाणी, तोच सभासद होऊ शकला. कोरडवाहू शेतकरी आणि ऊसतोड मजूर बहुतांशी बाहेरच राहिले. सामाईक म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

३.४ कर्ज आणि तिजोरी

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचे गाडगीळ सदस्य होते. १९५४ च्या अहवालातून असे दिसले की, शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. सावकारांचा सुमारे ७० टक्के. दुर्बळांची संस्था केवळ स्वबळावर उभी राहणार नाही, म्हणून शासनाने तिच्यात भागीदार व्हावे, अशी शिफारस समितीने केली. त्यातून पतपुरवठा वाढला. पण शासनाच्या पैशाबरोबर शासनाचा हातही संस्थांत आला.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आता सामाईक साधन होते केंद्राची तिजोरी आणि वाटेकरी होती राज्ये. १९६९ मध्ये स्वीकारलेल्या गाडगीळ सूत्रानुसार, विशेष गरजेच्या राज्यांचा वाटा आधी बाजूला काढून उरलेल्या साहाय्यापैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार दिले जाई. दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष समस्या या चार निकषांना प्रत्येकी १० टक्के भार होता. कोणाला किती मिळणार, हे मर्जीवर न राहता सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या नियमाने ठरू लागले. ३ मे १९७१ रोजी गाडगीळांचे निधन झाले.

३.५ सारांश

सामाईक साधने सांभाळणाऱ्या समूहांच्या अभ्यासाबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वापरणाऱ्यांचा नियम घडवण्यात सहभाग असावा आणि देखरेखही त्यांचीच असावी, हे त्यांच्या अभ्यासाचे सार होय. गाडगीळांनी कारखान्यापासून तिजोरीपर्यंत अशाच नियमांचा शोध घेतला. नियम लिहून ठेवल्याने संस्था जिवंत राहत नाही. आमसभेत हिशेब विचारणारा सभासद तिला जिवंत ठेवतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. एका सभासदाला एकच मत, या नियमाचे महत्त्व व मर्यादा स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील एखाद्या सामाईक साधनाचे नियम कोण ठरवते व ते कोण पाळत नाही, याची माहिती मिळवून टिपण लिहा.