ओले क्राग

नॉर्वे हा डोंगरदऱ्यांचा देश. तेथील वोगो या खेड्यात १८३७ साली ओले क्राग यांचा जन्म झाला. मोठेपणी ते सैन्यात अधिकारी झाले. परंतु त्यांचे मन रमले ते शस्त्रांच्या रचनेत. १८८० साली ते कोंग्सबर्ग येथील सरकारी शस्त्र-कारखान्याचे संचालक झाले. तेथील कुशल कारागीर एरिक योर्गेन्सन यांच्या साहाय्याने त्यांनी पाच काडतुसांची एक नवी रायफल घडविली. ती डेन्मार्कने १८८९ साली, अमेरिकेने १८९२ साली व नॉर्वेने १८९४ साली आपल्या सैन्यासाठी स्वीकारली.

काडतुसातील दारू पेटली, की तिचा वायू होतो. हा वायू गोळीला पुढे लोटतो, तसाच मागेही रेटा देतो. मागे तर सैनिकाचा चेहरा असतो! म्हणून दाराला अडसर लावावा, तसा नळीच्या मागे पोलादी अडसर असतो. क्राग यांच्या रायफलीतील अडसर फार सहज सरकत असे. पण दाबाचा बहुतेक भार त्याच्या पुढील टोकाच्या एकाच खुंटीवर पडे.

डेन्मार्कच्या काडतुसांत प्रथम दाबून भरलेली काळी दारू असे. पुढे अधिक जोरकस अशी बिनधुराची दारू आली. १८९८ च्या युद्धात स्पेनच्या रायफली अधिक वेगवान असल्याचे अमेरिकेला दिसले. म्हणून १८९९ साली गोळीचा वेग सेकंदाला २००० फुटांवरून २२०० फुटांवर नेण्यात आला. परंतु वाढलेल्या दाबाने खुंट्यांना तडे जाऊ लागले. अखेर ती काडतुसे मागे घ्यावी लागली.

१९१६ साली क्राग यांचे निधन झाले. त्यांच्या रायफली आजही संग्रहालयांत व हौशी संग्राहकांजवळ आहेत. वरून त्या कितीही लखलखीत दिसोत, खुंटीला गेलेला बारीक तडा डोळ्यांना सहज दिसत नाही. म्हणून जाणकाराने तपासल्यावाचून त्या कोणी झाडू नयेत, आणि त्यांत मूळ मर्यादेपेक्षा अधिक दाबाचे काडतूस तर कधीच घालू नये. क्राग यांची रायफल उत्तम होती. पण उत्तम वस्तूच्या शक्तीलाही सीमा असते. ती सीमा ओळखून वागणाऱ्यालाच ती वस्तू उपयोगी पडते.