मूठ लांब तर मॅगझिन लांब!

पबजीमध्ये पी१९११ हाती लागलं की फारसं कुणी खूश होत नाही. सात गोळ्या संपल्या की रिलोड, आणि तेवढ्यात समोरचा आपल्याला थेट लॉबीत पाठवतो. मग एक्स्टेंडेड मॅग शोधत फिरायचं. पण मुळात सातच गोळ्या का? आणि लांब मॅगझिन त्याच पिस्तुलात बसतं कसं? याचं उत्तर जॉन मोझेस ब्राऊनिंग या माणसाच्या कामात सापडतं. गेममधल्या पी१९११ चा खराखुरा अवतार, म्हणजे एम१९११, त्याच्याच डोक्यातून निघालाय.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. घर मॉर्मन पंथाचं. वडिलांना तीन बायका आणि २२ मुलं! एवढ्या मोठ्या खटल्यात वाढलेला हा मुलगा दिवसभर वडिलांच्या दुकानातल्या भंगारात रमायचा. त्याच भंगारातून त्यानं लहानपणी आपली पहिली बंदूक जोडली. १८७९ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, त्याला पहिलं पेटंट मिळालं. एका वेळी एकच गोळी भरता येईल अशी ती साधी रायफल होती.

१८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचे थॉमस बेनेट ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर मोजून या रायफलचे हक्क घेऊन गेले. मग वर्षानुवर्षं हेच चाललं. जॉन डिझाइन करायचा, विंचेस्टर एकरकमी पैसे द्यायची आणि बंदूक बाजारात यायची ती कंपनीच्या नावानं. कितीतरी डिझाइन्स तर कंपनीनं विकत घेऊन नुसती कपाटात ठेवली, दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. आजच्या भाषेत सांगायचं तर हुशार फ्रीलान्सर आणि मोठा क्लायंट. शेवटी १९०२ मध्ये आपोआप भरली जाणारी शॉटगन घेऊन तो गेला, तेव्हा त्यानं ठोक रकमेऐवजी रॉयल्टी मागितली. बेनेट नाही म्हणाले. जॉन तिथून निघाला तो रेमिंग्टन कंपनीत. तिचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांची तो बाहेर वाट बघत असतानाच त्यांचं हृदयविकारानं निधन झालं. मग त्यानं बोट पकडली आणि बेल्जियममधली एर्स्टाल गावची एफएन कंपनी गाठली. तिथं त्याची ओळख आधीपासून होती, ती पिस्तुलामुळेच.

आता मूळ मुद्दा. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात. ब्राऊनिंगच्या पिस्तुलात त्या मुठीत असतात, एकावर एक रचलेल्या, खालून स्प्रिंगनं वर ढकलल्या जाणाऱ्या. ही कल्पना काही एकट्या त्याची नव्हती, जर्मनीच्या बोरशार्टनं ती आधी वापरली होती. पण ब्राऊनिंगनं ती इतकी सुटसुटीत केली की युरोपात त्याचं आडनावच पिस्तुलासाठी वापरलं जाऊ लागलं. मॅगझिन मुठीत गेलं, त्यामुळे मूठ जेवढी लांब तेवढ्याच गोळ्या. मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्करानं त्याच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडून बघितल्या. ते एकदाही अडलं नाही आणि त्याच महिन्यात ते लष्करात दाखल झालं. जाड .४५ ची काडतुसं मुठीत एकाखाली एक मावली सात. गेममधल्या सात त्या या.

पुढे कोल्ट कंपनीनं याच पिस्तुलाची छोटी भावंडं काढली, तेव्हा गंमत झाली. १९५० च्या सुमाराच्या कमांडरची नळी आखूड केली, मूठ तीच ठेवली. त्यामुळे मॅगझिनही तेच चाललं. १९८५ च्या ऑफिसर्स मॉडेलची मूठसुद्धा छाटली, तिच्यात सहाच गोळ्यांचं मॅगझिन. या छोट्यात मोठ्याचं मॅगझिन बसतं, खालून थोडं बाहेर डोकावतं एवढंच, कारण मॅगझिन अडकवणारी खटकी वर चापाजवळ असते आणि तिथलं माप सारखंच आहे. उलटं करून बघा. छोटं मॅगझिन मोठ्या मुठीत घातलं तर त्याचा तळ आतच राहतो, तळहातानं दाबून ते नीट बसवता येत नाही. थोडक्यात, मोठं छोट्यात चालतं, छोटं मोठ्यात नाही. आणि नळीच्या लांबीचा याच्याशी काही संबंध नाही.

हे सगळं यंत्र म्हणून भारीच आहे, पण इथं थोडं थांबावं लागतं. ब्राऊनिंगचं १९१० चं पिस्तूल छोटं, खिशात मावणारं. २८ जून १९१४ ला साराजेव्होत गॅव्हरिलो प्रिन्सिपनं आर्चड्यूक फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या याच पिस्तुलातून. काही आठवड्यांत पहिलं महायुद्ध पेटलं. त्या युद्धातून नवं युगोस्लाव्ह राज्य तयार झालं (नाव नंतर पडलं), आणि त्याला आपल्या सैन्यासाठी पिस्तूल हवं होतं. कोणतं? तेच, फक्त मोठं करून! एफएननं नळी लांबवली, पुढे एक टोपण जोडलं, मूठ वाढवली आणि दोन गोळ्या जास्त बसवल्या. हे १९२२ चं मॉडेल.

युद्धात अमेरिकी सरकारनं त्याच्या शस्त्रांचे हक्क घेतले ते ७.५ लाख डॉलरला. रॉयल्टी लावली असती तर याच्या कितीतरी पट पैसे मिळाले असते. त्यानं घासाघीस केली नाही. ज्यानं विंचेस्टरशी रॉयल्टीवरून फारकत घेतली, त्यानं इथं का सोडून दिलं, हे मला खरंच कोडं वाटतं.

शेवटचं पिस्तूल मात्र अर्धवट राहिलं. फ्रेंच लष्कराला जास्त गोळ्या हव्या होत्या. मूठ आणखी लांबवली तर हातात धरणार कशी? एफएनमधल्या द्युदोने सेव्हनं गोळ्या सरळ रांगेत न रचता नागमोडी, दोन रांगांत रचल्या. मूठ थोडी जाड झाली, लांब नाही. २६ नोव्हेंबर १९२६ ला एफएनच्या कारखान्यातच, मुलगा व्हॅलच्या ऑफिसात, जॉनचं हृदय बंद पडलं. त्या पिस्तुलाचं पेटंट मंजूर झालं फेब्रुवारी १९२७ मध्ये. सेव्हनं पुढची आठ-नऊ वर्षं खपून १९३५ मध्ये ते हाय पॉवर नावानं बाजारात आणलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या.

आपल्या लष्करातलं ९ एमएम १ए पिस्तूल, पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं, ते याच हाय पॉवरचं भावंड. त्याचं जाडजूड मॅगझिन एम१९११ च्या मुठीत घुसतच नाही. तिथं अजूनही एकच रांग चालते.