लगाम सैल सोडणारी अ‍ॅना

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लेकीला घोडेस्वारीच्या क्लासला घातलं होतं. चार दिवस उड्या मारत गेली आणि पाचव्या दिवशी हटूनच बसली. घोडा ऐकेना तर मारायला सरांनी तिच्या हातात छडी दिली होती. तिला ते जमेना. मी मात्र भरलेल्या फीचा हिशेब मांडून तिच्यावरच चिडले. रात्री तिच्या उशाशी ‘ब्लॅक ब्यूटी’ उघडं पडलेलं दिसलं. शाळेत मीही ते वाचलं होतं, संक्षिप्त. या वेळी पूर्ण वाचलं, लिहिणाऱ्या बाईचीही माहिती काढली. तेव्हापासून अ‍ॅना स्यूएल मनात घर करून बसली आहे.

अ‍ॅनाचा जन्म १८२० चा, इंग्लंडच्या ग्रेट यार्मथमधला. घर क्वेकर पंथाचं, साधं. चौदाव्या वर्षी शाळेतून येताना ती पावसात घसरून पडली. दोन्ही घोटे दुखावले, ते कायमचेच. पुढं जास्त वेळ उभं राहणं नाही, लांब चालणं नाही. मग घोडागाडी हेच तिचे पाय झाले. वडिलांना स्टेशनवर सोडणं, आणणं हे काम तिनं आनंदानं घेतलं. तिच्यासोबत गाडीत बसलेल्या आईच्या एका मैत्रिणीनं आठवण लिहून ठेवली आहे. अ‍ॅना लगाम सैल धरायची आणि घोड्याशी माणसासारखं बोलत गाडी हाकायची.

तेव्हा बऱ्याच तबेल्यांत शिकवण्याची रीत वेगळी होती. आधी घोड्याची रग जिरवायची, मग काम शिकवायचं. अ‍ॅनाच्या पुस्तकात दोन घोड्यांची शिकवणी शेजारी शेजारी येते. ब्यूटीला त्याचा मालक दाणा देत, थोपटत, हळूहळू कडियाळं आणि खोगिराची सवय लावतो. जिंजर या घोडीला मात्र माणसं कोपऱ्यात कोंडतात आणि कडियाळं जबरदस्तीनं तोंडात कोंबतात. पुढं ती चावरी होते आणि सगळे तिलाच वाईट खोडीची ठरवतात. कडियाळं घोड्याला आवडत नाहीच, हेही अ‍ॅना लपवत नाही. शिस्त नको असं तिचं म्हणणं नाही. शिकवायचं, पण भीती घालून नाही, एवढंच.

तिचा सगळ्यात जास्त राग होता तो एका आखूड लगामावर. ‘बेअरिंग रेन’ त्याचं नाव. बग्गीच्या घोड्याची मान रुबाबदार दिसावी म्हणून डोकं वर ताणून बांधायचं. चढावर ओझं ओढताना घोड्याला मान खाली घालून जोर लावावा लागतो. तेच त्याला करता येत नसे. मान अवघडायची, श्वास कोंडायचा. मालकिणीची मात्र गाडी फॅशनेबल दिसायची!

१८७१ मध्ये अ‍ॅना लिहायला बसली तेव्हा तब्येत पार ढासळलेली होती. आई मेरी स्वतः लोकप्रिय कवयित्री. आजवर आईचं लेखन अ‍ॅना तपासून द्यायची, आता आई लेखनिक झाली. बरं असेल त्या दिवशी अ‍ॅना चिठोऱ्यांवर पेन्सिलीनं लिही, नाहीतर सांगे, आणि आई ते नीट उतरवून काढी. पुस्तक मुलांसाठी नव्हतंच. ते मोतद्दार, गाडीवाले अशा घोड्यांशी रोजचा संबंध असलेल्यांसाठी होतं. १८७७ च्या नोव्हेंबरात ते निघालं, आणि २५ एप्रिल १८७८ ला अ‍ॅना गेली. हे तिचं एकुलतं एक पुस्तक. सांगतात की, अंत्ययात्रेच्या घोड्यांना तोच आखूड लगाम होता. आईनं तो पाहिला आणि आधी काढायला लावला. मला वाटतं, लेकीला याहून मोठा निरोप असूच शकत नाही.

पुढं कोट्यवधी प्रती खपल्या, त्या लगामाविरुद्ध लोकमत उभं राहायला पुस्तकाची मोठी मदत झाली. गेल्या काही दशकांत ‘नॅचरल हॉर्समनशिप’ नावानं घोड्याची देहबोली ओळखून शिकवण्याची पद्धत पुढं आली आहे. कान मागं गेले की काय, शेपूट आपटली की काय, हे आधी वाचायचं. घोडा मुळात शिकार होणारा, पळून जीव वाचवणारा प्राणी. घाबरला की तो शिकत नाही, सुटका शोधतो. जुन्या रीतीचे सगळेच काही निर्दयी नव्हते. ब्यूटीचा मालकही जुन्या काळातलाच की!

दुसऱ्या दिवशी मी सरांना भेटले. त्यांची काळजीही खरी होती. घोडा बिथरला आणि पोर पडलं तर जबाबदारी त्यांची. शेवटी ठरलं, की लेकीनं आधी रोज घोड्याला खरारा करायचा, हातानं फिरवून आणायचं, मग बसायचं. महिना संपला तेव्हा तिला दौड काही येत नव्हती. पण ती दिसली की घोडा आपणहून मान खाली घालून पुढं यायचा.

फीचा विषय मी पुन्हा काढला नाही. लेकीची मान किती वर्षं मी अशीच वर ताणून धरली असेल, हा हिशेब मात्र अजून चालू आहे.