मेरी शेली : भयकथेमागचे आयुष्य

भयकथांचे आणि उद्ध्वस्त भविष्यकाळ रंगवणाऱ्या डिस्टोपियन कादंबऱ्यांचे वाचक एकमेकांना पुस्तके सुचवू लागले, की ‘फ्रँकेनस्टाइन’चे नाव पहिल्या चार-पाच शिफारशींत येतेच. त्याच लेखिकेची ‘द लास्ट मॅन’ मात्र फार उशिरा आठवते, कित्येकदा आठवतही नाही. पहिली कादंबरी माणूस घडवण्याची, दुसरी माणूस संपण्याची. या दोहोंच्या मधली आठ वर्षे मेरी शेलीने कशी काढली हे ठाऊक झाले, की दुसरे पुस्तक वेगळ्याच प्रकाशात दिसू लागते.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट स्त्रियांच्या हक्कांचा निर्भीड पुरस्कार करणारी लेखिका, तर वडील विल्यम गॉडविन राजकीय तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार. बाळंतज्वराने आई अवघ्या अकरा दिवसांत गेली. मुलीला आई भेटली ती तिच्या ग्रंथांतून आणि सेंट पँक्रसच्या दफनभूमीतील समाधीपाशी. घरात बालपुस्तकांचे प्रकाशन चाले, दुकान होते, आणि कोलरिजसारखे कवी येऊन आपल्या रचना ऐकवत. औपचारिक शाळा फारशी लाभली नाही, तरी वाचनाची शिस्त तिच्या अंगी याच घरात बाणली.

जुलै १८१४ मध्ये, सोळा वर्षांची असताना, ती कवी पर्सी शेलीबरोबर घर सोडून गेली. पर्सी विवाहित होता. विवाहसंस्थेवर टीका करणाऱ्या गॉडविनने प्रत्यक्षात मुलीशी बोलणे टाकले. कर्ज, वारंवार बदलणारी बिऱ्हाडे आणि लोकनिंदा यांच्या धबडग्यातही ही दोघे अखंड वाचत राहिली. मेरी रोजनिशीत वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या करी. त्या याद्यांत इतिहास आणि तत्त्वज्ञानाबरोबरच गूढ-भयाच्या कादंबऱ्या आहेत, आणि अमेरिकेचा चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउनही आहे. १८१५ च्या फेब्रुवारीत तिला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली, ती काही दिवसांतच दगावली. त्यानंतर मेरीला स्वप्न पडले, की बाळ केवळ गारठले होते आणि शेकोटीपाशी चोळल्यावर पुन्हा जिवंत झाले. तिने ते रोजनिशीत टिपून ठेवले.

पुढच्या वर्षी ही मंडळी जिनिव्हा सरोवराकाठी गेली. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्याच्या राखेमुळे १८१६ चा युरोपातील उन्हाळा पावसाने आणि थंडीने झाकोळला. व्हिला दिओदाती या बंगल्यात लॉर्ड बायरन आणि त्याचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी राहत होते. बाहेर पडणे अशक्य झाल्यावर जर्मन भूतकथांचा फ्रेंच अनुवाद मोठ्याने वाचण्याचा परिपाठ सुरू झाला. त्यातूनच प्रत्येकाने स्वतःची भयकथा लिहावी अशी सूचना बायरनने केली. पोलिडोरीची ‘द व्हँपायर’ १८१९ मध्ये, आरंभी बायरनच्या नावाने, प्रसिद्ध झाली आणि इंग्रजीतील रक्तपिपासू पिशाच्चांच्या कथापरंपरेचा पाया तिने घातला. अठरा वर्षांच्या मेरीला काही दिवस काहीच सुचेना. प्राणतत्त्व म्हणजे काय, विजेच्या प्रवाहाने मृत देहात चेतना आणता येईल काय, ही चर्चा ऐकल्यानंतर एका रात्री तिला आपली कथा दिसली.

‘फ्रँकेनस्टाइन’ १ जानेवारी १८१८ रोजी निनावी प्रसिद्ध झाली. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची होती. प्रस्तावना पर्सीची असल्याने पुस्तकही त्याचेच असावे, असा वॉल्टर स्कॉटसारख्या समीक्षकाचाही समज झाला. मराठीत या राक्षसाची तुलना सहजपणे भस्मासुराशी होते, परंतु ती पुरती जुळत नाही. भस्मासुर वर मिळताच उलटतो. मेरीचा निनावी जीव मात्र आरंभी निरुपद्रवी आहे. त्याला घडवणारा त्याचे रूप पाहून पळ काढतो, आणि तेथूनच अनर्थ सुरू होतो. हा जीव वाचकही आहे. अरण्यात सापडलेल्या मिल्टन, प्लूटार्क आणि गटे यांच्या पुस्तकांतून तो माणूसपण शिकतो, आणि त्यामुळेच आपल्याला माणसांत जागा नाही हे त्याला अधिक बोचते. आईविना वाढलेल्या, वडिलांनी दूर लोटलेल्या, मूल गमावलेल्या मुलीने हे लिहिले होते.

१८१६ च्या अखेरीस सावत्र बहीण फॅनी हिने आणि पर्सीची पहिली पत्नी हॅरिएट हिने, काही आठवड्यांच्या अंतराने, आयुष्य संपवले. त्यानंतर मेरी आणि पर्सीचा विवाह झाला. इटलीत १८१८ मध्ये मुलगी क्लारा आणि १८१९ मध्ये मुलगा विल्यम दगावला. जून १८२२ मधल्या गर्भपातात मेरी स्वतः मरता मरता वाचली. रक्तस्राव थांबवण्यासाठी पर्सीने तिला बर्फाच्या पाण्यात बसवले होते. ८ जुलैला तोच समुद्रात बुडाला. १८२४ मध्ये बायरन ग्रीसमध्ये वारला. सव्विसाव्या वर्षी मेरी जणू आपल्या सगळ्या जगाच्या मागे उरली होती.

‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी १८२६ च्या आरंभी आली. काळ एकविसाव्या शतकाच्या अखेरचा. इंग्लंड प्रजासत्ताक झाले आहे आणि एक साथ सारी मानवजात पुसून टाकत आहे. १८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेली पटकी पुढच्याच वर्षी मुंबईपर्यंत आली होती आणि नंतर भूमध्य समुद्राच्या दिशेने सरकली होती, त्यामुळे साथीचे भय काल्पनिक नव्हते. कादंबरीतील एड्रियनमध्ये पर्सी आणि रेमंडमध्ये बायरन ओळखू येतो. शेवटी सन २१०० मध्ये एकटा उरलेला लायोनेल व्हर्नी रिकाम्या रोममध्ये, वाचणारे कोणी नाही हे ठाऊक असूनही, आपली हकीकत लिहितो आणि होमर व शेक्सपिअर सोबत घेऊन नावेत बसतो.

या पुस्तकाची किंमत मेरीला रोख मोजावी लागली. सासरे सर टिमथी शेली नातवाच्या पालनपोषणासाठी तिला तुटपुंजी रक्कम देत, तीही पुढे फेडायच्या बोलीवर. शेली हे नाव छापून लोकांसमोर येता कामा नये, ही त्यांची अट होती. मुखपृष्ठावर ‘फ्रँकेनस्टाइन’ची लेखिका एवढाच उल्लेख होता, पण समीक्षणांत नाव आले आणि ती रक्कम काही काळ थांबली. समीक्षकांनी कादंबरीला विकृत कल्पनेचे फळ ठरवले. मेरी लेखणीवर घर चालवत राहिली: कथा, कादंबऱ्या, कोशासाठी चरित्रे. एकुलत्या उरलेल्या मुलाच्या हॅरोतील शिक्षणाचा खर्च झेपावा म्हणून ती १८३३ मध्ये तेथेच राहायला गेली. पर्सीचे चरित्र लिहिण्यास बंदी असल्याने १८३९ च्या काव्यसंग्रहात तिने कवितांना विस्तृत टिपा जोडल्या आणि त्यांतून त्याचे आयुष्य सांगितले.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, लंडनमध्ये तिचे निधन झाले. ‘फ्रँकेनस्टाइन’ १८२३ मध्येच रंगभूमीवर गेली होती, पुढे चित्रपटांनी ती घरोघरी नेली. ‘द लास्ट मॅन’ मात्र १९६५ पर्यंत जवळजवळ विस्मृतीत गेली होती आणि २०२० च्या महासाथीत अनेकांनी ती प्रथमच उघडली. तिचा पहिला खंड राजकारणात आणि प्रेमसंबंधांत रेंगाळतो, साथ येते ती दुसऱ्या खंडात. धीराने तिथवर जाणाऱ्या वाचकाला एक जुनी ओळख भेटते. डिफो आणि ब्राउन यांच्या साथीवरील पुस्तकांचा उल्लेख मेरीने कथेतच केला आहे, म्हणजे पुढे काय वाचावे याची शिफारसही तिने स्वतःच करून ठेवली आहे.