मेजर थॉमस कँडी : कोशातील मराठी आणि पाठ्यपुस्तकातील मराठी

मराठीच्या प्रमाणलेखनाचा इतिहास पाहू लागले की मेजर थॉमस कँडी यांचे नाव अटळपणे पुढे येते. १८०४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले कँडी १८२२ मध्ये लष्करी नोकरीत हिंदुस्थानात आले. जुळे बंधू जॉर्ज यांच्यासह त्यांनी मोल्सवर्थ यांना मराठी-इंग्रजी कोशाच्या कामी साहाय्य केले. १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कोशात देशावरचे व कोकणातले शब्द शेजारी शेजारी आले आणि अनेक शब्दांपुढे त्यांचा प्रांतही नोंदला गेला. बोलीभेद हा येथे दोष नसून माहिती आहे.

प्रकृती ढासळल्याने मोल्सवर्थ १८३६ मध्ये मायदेशी परतले. त्यानंतर इंग्रजी-मराठी कोश कँडींनी १८४७ मध्ये पूर्ण केला. दरम्यान ते पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले होते. पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून शालेय पुस्तके व कायद्यांची भाषांतरे त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. विरामचिन्हांचा वापरही त्यांनी मराठीत रुजवला. या टप्प्यावर त्यांची भूमिका पालटली. कोशकाराला अनेक रूपे हवी असतात. पाठ्यपुस्तकाच्या संपादकाला एकच. ते एक रूप पुण्याच्या शिष्ट वर्गाचे ठरले, कारण कँडींभोवतीचे शास्त्री त्याच भाषेत वाढलेले होते. कँडींनी मराठीला इंग्रजी वळण लावले, हा आक्षेप परिचित आहे. बोलींच्या दृष्टीने ही निवड अधिक दूरगामी ठरली.

सातारा-सांगलीकडील बहुजनांच्या बोलीत 'वेळ'चा 'येळ', 'विहीर'चा 'इहीर', 'पाणी'चा 'पानी' होतो. हे बदल यादृच्छिक नाहीत. शब्दारंभी इ-एकारापूर्वीचा वकार बदलतो किंवा लोपतो आणि णकाराच्या जागी नकार येतो. कोशकाराने नोंदवावी अशी ही नियमितता शाळेच्या पाटीवर मात्र चूक ठरली.

अन्यत्रही प्रमाणलेखन एका प्रदेशावर बेतले गेले. इटालियनच्या लेखी रूपाचा पाया फ्लॉरेन्सच्या साहित्यभाषेत आहे. क्रुस्का अकादमीच्या १६१२ च्या कोशाने तो दृढ केला. परंतु खुद्द फ्लॉरेन्सचे लोक 'कासा' म्हणजे घर हा शब्द, आधी स्वर आला असता, 'हासा' असा उच्चारतात. लेखन ज्या गावचे, त्या गावचा उच्चारही त्याच्याशी पूर्णतः जुळत नाही, एवढा बोध यातून घेता येतो. मराठीतही अनुच्चारित अनुस्वार दीर्घकाळ लिहिले गेले. साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारल्यावर ते अधिकृत लेखनातून गेले.

१८७७ मध्ये कँडींचे निधन महाबळेश्वरी, म्हणजे सातारा जिल्ह्यातच झाले. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. एकसूत्री लेखनाशिवाय शालेय शिक्षण व मुद्रण यांचा विस्तार कठीण होता. परंतु त्या एकसूत्रीपणाची किंमत बोली बोलणाऱ्या मुलांनी मोजली. म्हणून 'येळ' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला 'वेळ' जरूर शिकवावे. मात्र त्याच्या उच्चारामागचा नियम आधी शिक्षकाने जाणून घ्यावा. तरुण कँडींनी ज्या कोशासाठी श्रम केले, त्याची दृष्टी याहून वेगळी नव्हती.